सरकत्या खिडकीच्या वजनांची साक्ष

इंग्लंडांतील जुन्या घरांना खालींवर सरकणाऱ्या तावदानांच्या खिडक्या असतात. त्यांस तिकडे 'सॅश' म्हणतात. हा शब्द चौकट या अर्थाच्या फ्रेंच 'शासी' शब्दाचा अपभ्रंश होय. शब्द फ्रेंच म्हणून वस्तुहि फ्रेंच, असें अनुमान कित्येकांनीं केलें. कोणी डच लोकांकडे बोट दाखविलें. आमच्या मतें, यंत्ररचना न पाहतां केवळ शब्दावर भिस्त ठेवल्यामुळें हा वाद लांबला.

तावदान खांचेंत नुसतें सरकणें आणि तें हव्या त्या उंचीवर आपोआप ठरणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. फ्रान्समधील जुनें तावदान उचलून खुंटीवर टेकवावें लागे. 'सॅश'मध्यें दोन्ही बाजूंचे उभे खांब आंतून पेटीसारखे पोकळ असतात. तावदानाच्या प्रत्येक कडेस बांधलेली दोरी वरच्या कप्पीवरून पेटींत उतरते व तिच्या टोंकास शिशाचें अथवा बिडाचें वजन लोंबतें. दोन वजनें मिळून तावदानाइतकीं भरतात. म्हणून अवजड कांच एका हातानें चढते आणि सोडली तेथें राहते. वरच्या तावदानाचीं वजनें किंचित् जड व खालच्याचीं किंचित् हलकीं ठेवण्याची सुतारांची रीत आहे. तेणेंकरून मिटलेली खिडकी मिटलेलीच राहते. दोन्ही तावदानें थोडथोडीं उघडलीं म्हणजे उष्ण हवा वरून जाते व थंड हवा खालून येते. आपलें 'वातायन' हें नांव हिला चांगलें शोभेल!

तेव्हां शोध घ्यावयाचा तो वजनांचा. हेंटी लाऊ व रॉबर्ट क्रेफर्ड यांनीं राजवाड्यांच्या बांधकामखात्याचे कागद तपासून, वजनी खिडकी इ. स. १६७० च्या सुमारास इंग्लंडांतच सिद्ध झाली असें प्रतिपादिलें. न्यूमार्केट येथें दुसऱ्या चार्ल्सच्या वाड्याच्या उरलेल्या भागांत सांपडलेली सुमारें त्याच काळची खिडकी यास पुष्टि देते. आरंभीं बहुधा खालचेंच तावदान हाले.

कायद्यांवरून काल ठरवितांना मात्र सावध असावें. आगीच्या भयानें लंडनमध्यें १७०९ च्या कायद्यानें चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून ४ इंच आंत घेण्याचें, व १७७४ च्या कायद्यानें पेटी विटांमागें दडविण्याचें बंधन घातलें. पण हे कायदे राजधानीपुरते. दूरच्या खेड्यांतील घर केवळ भिंतीशीं समतल चौकटीवरून १७०९ पूर्वींचें ठरविणें चूक होय. खरा पुरावा पेटीच्या आंत. सुतार दोरी बदलावयास येतो तेव्हां जुनें वजन पुष्कळदां भंगारांत जातें; तत्पूर्वीं त्याचा धातु, आकार व भार टिपून ठेवावा.