इस्पितळाचा शेजार

नदीकाठी गाव का वसले, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. देवळाभोवती आळी वाढते, बाजाराभोवती पेठ जमते, हेही आपल्याला उपजतच ठाऊक असते. पण इस्पितळाभोवती वस्ती? इस्पितळ ही काही हौसेने शेजार करावा अशी जागा नव्हे. त्याच्या दारावरून जाताना आपल्याकडची वडीलधारी माणसे अजूनही मनातल्या मनात देवाचे नाव घेतात आणि पाऊल जरा लवकर उचलतात. असे असूनही मुंबईत एक भाग असा आहे, की जेथे तीन-चार पिढ्या इस्पितळांच्या सावलीत जन्मल्या, शिकल्या, कामाला लागल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. तो भाग म्हणजे परळ. केईएम, टाटा, वाडियांची बाळंतिणींची आणि मुलांची अशी दोन, हाफकिन संस्था, आणि मुक्या जनावरांसाठीचे ‘बैलघोडा’ इस्पितळ, ही सारी एकमेकांपासून चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. इतकी इस्पितळे ह्या एवढ्याशा जागेत कशी गोळा झाली, आणि त्यांच्या शेजाराने माणसांचे काय केले, हा इतिहास मोठा वाचनीय आहे.

परळ हे मुळात मुंबईच्या सात बेटांपैकी एका बेटावरचे गाव. त्याचे जुनेपण सांगायला १९३१ साली एक साक्षीदारच जमिनीतून वर आला. रस्त्याचे खोदकाम चालू असता शिवाची एक प्रचंड शिळा सापडली. एका मूर्तीतून दुसरी उमलावी अशा सात आकृती तिच्यावर कोरलेल्या आहेत, आणि ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची असावी असे जाणकार मानतात. पुढे पोर्तुगीज अमदानीत येथे पाद्र्यांचा मठ झाला. १७२० साली इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला आणि कालांतराने त्याचाच गव्हर्नरसाहेबांचा बंगला बनला. शहराच्या गजबजाटापासून दूर, झाडीत, हवाशीर. परळचा तो थाटाचा काळ.

मात्र रोगराई हुद्दा पाहत नाही. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड परळहून हलले ते मलबार पॉइंटवर समुद्राच्या काठी गेले, आणि परळचा वाडा ओस पडला. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीत तो प्रथम ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी. सरकारने वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाला पाचारण केले. त्यांनी प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या वाड्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या वाड्यातून रोगाच्या भयाने राज्यकर्ते उठून गेले, त्याच वाड्यात रोगाशी झुंजणारी लस सिद्ध होऊ लागली. परळच्या आरोग्याच्या इतिहासाचा पाया हा असा घातला गेला.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. माणसांची ही मोठी इस्पितळे होण्याच्या कितीतरी आधी परळला जनावरांचे इस्पितळ झाले होते. सर दिनशा पेटिट ह्यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई इस्पितळ ते हेच, आणि १८८६ साली येथेच पशुवैद्यकाचे कॉलेजही सुरू झाले. त्या काळी शहराचा गाडा खरोखरच बैलघोड्यांच्या खांद्यावर चालत होता. माल बैल वाहत, आणि ट्रामसुद्धा घोडे ओढीत. लोकांनी दात्याचे नाव बाजूला ठेवून इस्पितळाला रोग्यांचेच नाव दिले, ते आजतागायत टिकून आहे.

तोवर परळभोवती दुसरीच एक सृष्टी उभी राहत होती. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांची धुराडी लालबाग-परळकडे सरकत आली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला गिरणीपासून लांब राहणे परवडत नाही, म्हणून घर गिरणीच्या चालण्याच्या टप्प्यातच हवे. त्यातून चाळी झाल्या, आणि चाळींत इतकी दाटी झाली की प्लेगाने तेथेच आपला मुक्काम ठोकला. प्लेगानंतर १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याच्या बीआयटी चाळी आणि पुढे १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथे उठलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती, ही कामगारांची घरे. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात नवराबायको, मुले, गावाहून आलेला धाकटा दीर आणि वळकटी घेऊन आलेला पाहुणा!

परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे बिऱ्हाड वीसेक वर्षे होते. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा विद्वान चाळीच्या दोन खोल्यांत राहत होता. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी लोक जमले तेही जवळच्याच दामोदर हॉलमध्ये. १९२६ साली त्यांचा लाडका मुलगा राजरत्न ह्याच परळात गेला. तेच साल केईएमचे दरवाजे उघडल्याचे. हा योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण ह्या चाळींतून लहान मुलांचे मरण किती नित्याचे होते, आणि इस्पितळ ही तेथे किती निकडीची गोष्ट होती, हे त्यावरून मनात भरते.

केईएमची जन्मकथा स्वाभिमानाची आहे. सातवे एडवर्ड १९१० साली वारले, त्यांचे स्मारक म्हणून इस्पितळ बांधायचे ठरले, म्हणून नाव बादशहाचे. पण त्याला जोडून जे वैद्यकीय कॉलेज निघाले, त्यासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास ह्यांच्या विश्वस्तांनी पैसा देताना एक अट घातली: येथे शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर हिंदी असले पाहिजेत. त्या काळी सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या मोठ्या जागा साहेब लोकांकडे असत, आणि कितीही हुशार हिंदी डॉक्टर असला तरी त्याने दुय्यम जागेवर समाधान मानावे अशी रीत होती. त्या रीतीला ही अट म्हणजे सणसणीत उत्तर होते. पहिले डीन झाले डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इमारतीचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट ह्यांचा. नाव बादशहाचे, नकाशा साहेबाचा, पण हात मात्र सारे आपले. आणि चालवणारी मुंबईची महानगरपालिका.

त्याच १९२६ साली शेजारी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह झाले, १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचे इस्पितळ. ही नावे वाडिया बंधूंच्या आईवडिलांची. वाडिया हे गिरणीमालक. ज्यांच्या बायका गिरणीत साच्यावर उभ्या राहत, त्यांच्या बाळंतपणाची सोय त्यांच्या वस्तीतच झाली. मग १९४१ साली टाटा इस्पितळ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून कर्करोगासाठी हे इस्पितळ उभे राहिले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याच्या पुढच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्यांचे नाव आहे. गोमंतकीय घराण्यातल्या ह्या शल्यविशारदाने आपले आयुष्य ह्याच इस्पितळातल्या रोग्यांवर वेचले.

येथवर झाला तो दगडविटांचा आणि दात्यांचा इतिहास. पण इस्पितळाचे निम्मे काम दगडविटांच्या बाहेर चालते, आणि त्याची नोंद कोठल्याही वहीत होत नाही. औषध डॉक्टर देतो, पण पेज घरून येते. रात्री उशाशी कोण बसणार, रक्ताची बाटली आणायला कोण धावणार, घरी लहान मूल कोण सांभाळणार, ह्या प्रश्नांची उत्तरे चाळ देत असे. रोगी कोकणातला असो की साताऱ्याकडचा, त्याच्या गावचा एखादा गाळा परळ-लालबागेत असायचाच. ‘औषधपाण्याला मुंबईला’ निघालेला माणूस खरे म्हणजे ह्या गाळ्याच्या भरवशावर निघत असे. रात्रपाळी करून आलेला गाववाला तासभर डोळा लावून केईएमच्या वॉर्डात हजर होई. खानावळवाली मावशी एक डबा वाढवून भरी आणि त्याचे पैसे लावायला विसरत असे. पुढे ह्या खानावळवाल्या बायकांनाच संघटित करून प्रेमाताई पुरव ह्या गोव्याच्या मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. ह्या साऱ्याला गाडीभाडे लागत नव्हते. भाड्याला पैसे नसणे हा अडसरच उरला नव्हता, कारण सारे चालण्याच्या टप्प्यात होते.

म्हणून केईएमचे थोरपण सांगताना, येथे १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी देशातले पहिले हृदयारोपण केले, आणि १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या प्रयत्नांतून येथल्या परीक्षानळीतल्या बाळाचा जन्म झाला, एवढेच सांगून भागत नाही. हृदयारोपणाचा तो रोगी काही तासांतच दगावला. पण साध्या तापाचे, कापल्याभाजल्याचे, बाळंतपणाचे जे असंख्य जीव येथे पायी येऊन पायी घरी गेले, त्यांच्या श्रेयात शेजाराचाही वाटा आहे.

हा शेजार मोडला तो एका दिवसात नव्हे, पण त्याला एक तारीख आहे. १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भोंगे एकेक करून मुके झाले. गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे उठले. कामगारांची मुले विरार, बदलापूर, पनवेलकडे पांगली. इस्पितळे मात्र होती तेथेच राहिली, आणि रोगी तर वाढतच गेले. आज टाटाला आसाम-बिहारपासून माणसे येतात. त्यांना गाववाला गाळा कोठला? दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि तशाच काही संस्था त्यांना आसरा देतात. बाकीच्यांची बिऱ्हाडे फुटपाथवर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, हातात तपासण्यांची फाइल घेऊन. पूर्वी इस्पितळाजवळ गरीब राहत, ते चालत येत. आता गरीब दुरून येतात, आणि इस्पितळाजवळ राहायचे म्हणजे रस्त्यावर राहायचे.

चालणाऱ्याची वाटही आता पूर्वीची राहिली नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात हिंदमाताला नेहमीप्रमाणे तळे झाले आणि केईएमच्या आतही पाणी शिरले. त्यानंतर बरोबर महिन्याने, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. जखमींना केईएमलाच नेले. लष्कराने बांधलेला नवा पूल २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला, आणि त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. २०२५ च्या सप्टेंबरात परळ आणि प्रभादेवी जोडणारा शतकाहून जुना रस्त्याचा पूल नव्या बांधकामासाठी बंद झाला. रुळांच्या पलीकडच्या माणसाला इस्पितळ डोळ्यांसमोर दिसते, पण वळसा पडतो. नकाशावर जवळ असणे वेगळे आणि पायांना जवळ असणे वेगळे, हे दुखणाइताला घेऊन निघालेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत. जुन्या रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. चार पिढ्यांनी सामाईक संडासापुढे रांगा लावल्या, त्यांच्या लेकीसुनांना स्वतःची न्हाणी मिळाली ह्याचा आनंद कोणाला होणार नाही? चाळीचे कौतुक ज्याला चाळीत राहावे लागत नाही त्याने फार करू नये. माझी काळजी दुसरीच आहे. १६० चौरस फुटांत गावाकडच्या रोग्याच्या सोबत्याची वळकटी मावत होती. ५०० चौरस फुटांत ती मावेल ना? चाळीत दार उघडे असे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी पाणी विचारले जाई. बाविसाव्या मजल्यावर पोचायला त्याला आधी खाली रखवालदाराच्या वहीत नाव लिहावे लागते.

तरी मी निराश नाही. इस्पितळांच्या फाटकांशी आजही कोणी कोणी मंडळी अन्नाचे डबे घेऊन उभी असतात, नावगाव न विचारता वाढतात आणि निघून जातात. दिवाळीत आपल्या घरी फराळाचे डबे भरले जातील, ते सवयीने नात्यागोत्यांत फिरतील. परळला, किंवा आपापल्या गावच्या इस्पितळाशी, एक डबा जास्त न्यायला काही फार चालावे लागणार नाही. केईएमला पैसा शेठजींनी दिला, टाटाला टाटांनी. शेजार मात्र साध्या माणसांनी दिला होता, आणि तो द्यायचे अजून त्यांच्याच हातात आहे.