मुद्रांक शुल्क, वऱ्हाडातील घरखरेदीवरील

मुद्रांक शुल्क, वऱ्हाडातील घरखरेदीवरील : घर, भूखंड वा अन्य स्थावर मिळकत विकत घेताना खरेदीखतावर राज्यशासनास द्यावी लागणारी रक्कम. व्यवहारात तिला खरेदीवरील कर समजले जाते. परंतु कायद्याच्या दृष्टीने हे शुल्क मिळकतीवर नसून, ज्या दस्तऐवजाने मिळकतीचे हस्तांतरण होते, त्या दस्तऐवजावर असते. हा भेद ध्यानी घेतल्याखेरीज या शुल्काचा इतिहास आणि त्याचे आजचे स्वरूप यांचा उलगडा होत नाही.

मुद्रांकाची पद्धत हॉलंडमध्ये १६२४ साली सुरू झाली व १६९४ मध्ये ती इंग्लंडने स्वीकारली. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १७९७ च्या सहाव्या विनियमान्वये ती अंमलात आणली. रद्द केलेल्या पोलीस कराची तूट भरून काढणे, हा तिचा तात्कालिक हेतू होता. पुढे १८६०, १८६२, १८६९ व १८७९ चे अधिनियम होऊन अखेर १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम तयार झाला.

वऱ्हाडात या कायद्यांचा प्रवेश वेगळ्या वाटेने झाला. १८५३ व १८६० च्या तहांनुसार निजामाने हा प्रदेश ब्रिटिशांच्या कारभाराखाली दिला, तरी त्यावरील त्याचे सार्वभौमत्व कायम राहिले. ‘हैदराबाद अभिहस्तांकित जिल्हे’ या नावाने त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथील विधिमंडळाचे अधिनियम अमरावती-अकोल्यास आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. ही परिस्थिती १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने पालटली आणि मुद्रांक व नोंदणी यांविषयीच्या अधिनियमांचा विस्तार वऱ्हाडावर रीतसर करण्यात आला.

शुल्काला व्यवहारात महत्त्व आले ते जमिनीला बाजारभाव आल्यामुळे. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी होऊन कब्जेदाराला आपली जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या व नव्या वस्त्या यांमुळे अमरावती, अकोला या शहरांतील भूखंड व घरे ही खरेदीविक्रीची वस्तू बनली. तोंडी शब्द किंवा साध्या कागदावरील लेख यांच्या जागी मुद्रांकित व नोंदणीकृत खरेदीखत आले. सावकारी गहाणखतांनाही हाच नियम लागू असल्याने कर्जदार कुटुंबाचा या कागदाशी संबंध घर घेतानापेक्षा घर गमावताना अधिक वेळा येई.

विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर मुंबई मुद्रांक अधिनियम, १९५८ हा १६ फेब्रुवारी १९५९ पासून अंमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यास ‘महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम’ हे नाव मिळाले. धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी इत्यादींवरील शुल्काचे दर केंद्राच्या अखत्यारीत असून खरेदीखतावरील शुल्काचा दर राज्य ठरविते.

मूळच्या पद्धतीत दस्तात लिहिलेली किंमत हीच शुल्काचा आधार असे. शुल्क वाचविण्यासाठी कमी किंमत लिहून उरलेली रक्कम रोखीने देण्याचा प्रघात त्यामुळे पडला. यावर उपाय म्हणून ४ जुलै १९८० पासून खरे बाजारमूल्य हा आधार धरण्यात आला. १९८५ च्या दुरुस्तीने, ताबा दिला गेला असेल वा द्यावयाचा असेल, असे विक्रीचे करारही शुल्काच्या दृष्टीने अभिहस्तांतरणपत्र ठरले. १९९५ च्या नियमांनी बाजारमूल्याचे वार्षिक दरतक्ते आले. लोकांत ते ‘रेडी रेकनर’ या नावाने रूढ आहेत. लिहिलेला मोबदला व तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, तीवर शुल्क बसते. उदा., ३० लाख रुपयांस घेतलेल्या घराचे तक्त्याप्रमाणे मूल्य ३४ लाख रुपये असल्यास महानगरपालिका क्षेत्रातील ५ टक्के मूळ दराने शुल्क १,५०,००० नव्हे, तर १,७०,००० रुपये होते. स्थानिक संस्थेचा अधिभार व नोंदणी फी (१ टक्का, कमाल ३०,००० रु.) ही वेगळी असतात. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांच्या नावे होणाऱ्या निवासी खरेदीस शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. करोनाच्या साथीत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात महानगरांतील मूळ दर २ टक्क्यांवर व जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणला होता.

वेगळा करार नसल्यास शुल्काचा भार खरेदीदारावर असतो. शुल्क कमी भरल्याने विक्री रद्द होत नाही; परंतु असा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. कमी पडलेली रक्कम दंडासह भरल्यानंतरच तो ग्राह्य होतो. दस्ताच्या निष्पादनापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकापुढे नोंदणीस सादर करावा लागतो. १९८० ते २०२० या काळातील अपुऱ्या शुल्काच्या दस्तांसाठी राज्यशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अभय योजना जाहीर केली. यावरून जुन्या व्यवहारांतील ही त्रुटी किती व्यापक होती, याची कल्पना येते. बनावट मुद्रांकांचे तेलगी प्रकरण उघडकीस आल्यानंतर मोठ्या रकमांसाठी मुद्रांक कागदाऐवजी फ्रँकिंग व पुढे ऑनलाइन चलन यांचा वापर वाढला.

शुल्क भरले व दस्त नोंदविला, म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. विक्रेत्याला विकण्याचा हक्क होता, याची हमी नोंदणीने मिळत नाही. अमरावती व अकोला येथे या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. या शहरांतील कित्येक घरे शासनाच्या मालकीच्या, पट्ट्याने दिलेल्या नझूल भूखंडांवर उभी आहेत. अशा ठिकाणी खरेदीदारास मिळतो तो पट्ट्याचा हक्क. त्याच्या अटी व मुदत यांचे बंधन त्याच्यावरही राहते. नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनींच्या पट्टेधारकांना पूर्ण मालकी घेता यावी, म्हणून शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आखली. म्हणून खरेदीपूर्वी मिळकत पत्रिका वा सातबारा उतारा, पूर्वीचे दस्त आणि त्यांवर भरलेले शुल्क ही तपासणे व खरेदीनंतर फेरफाराची नोंद करून घेणे आवश्यक ठरते. मुद्रांक शुल्क दस्ताला पुराव्याचे बळ देते. दस्तात नमूद केलेला हक्क खरा आहे की नाही, याची खातरजमा मात्र घर घेणाऱ्यालाच करावी लागते.