नित्याचा अनुभव आणि प्रणयप्रसंग : मराठी कादंबरीतील एक जुनी अडचण

नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी एक तक्रार नोंदविली आहे. हिंदूंच्या विवाहविषयक चालीमुळे व अन्य कारणांमुळे आपल्या आयुष्यक्रमात मनोरंजक असे काही घडत नाही. रोजचे अनुभव लिहावेत तर ते वेधक होत नाहीत. म्हणून अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असा तिचा आशय आहे. ज्या ग्रंथप्रकाराने आपले नावच बाणभट्टाच्या कथेवरून घेतले, त्याच्या लेखकाने असे म्हणावे यात नवल नाही. तथापि ही तक्रार निव्वळ सबब म्हणून सोडून देता येत नाही.

तिच्या अकरा वर्षे आधी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले होते. त्यातील विधवांची दुःखे नित्याच्या व्यवहारातूनच आलेली आहेत. म्हणजे रोजच्या जीवनात कथावस्तू नव्हती असे नव्हे. प्रणयाची कथावस्तू नव्हती, एवढाच रिसबुडांच्या म्हणण्याचा अर्थ उरतो. वधूवरांची निवड वडीलधाऱ्यांनी, तीही बालपणीच करावयाची, तेव्हा अनिश्चितता, निवड आणि नकार यांना अवकाशच राहत नाही. आणि प्रणयकथेचा प्रसंग तर यांवरच उभा असतो. लावणीत शृंगार विपुल होता, मोहिमेवर गेलेल्या पतीसाठी झुरणारी स्त्रीही होती. परंतु शिष्ट गद्याने तिकडे पाहावयाचे नाही, असाच त्या काळचा संकेत दिसतो.

हरि नारायण आपटे यांनी अडचणीच्या मुळाशी हात घातला. ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून येऊ लागलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत प्रीती आहे, पण ती विवाहानंतरची. एकत्र कुटुंबाच्या धाकातून सुटून यमू आणि तिचा पती मुंबईस राहावयास येतात. तेथील वाचन, संभाषण आणि थट्टा यांतून जे प्रसंग साकारतात त्यांत अद्भुत काहीच नाही. एक बिऱ्हाड व दोन माणसांना बोलावयास मिळालेला निवांतपणा एवढ्यावर ते उभे आहेत. येथे भाषेची साक्षही महत्त्वाची आहे. त्या काळच्या पांढरपेशा घरात पत्नी पतीचे नाव घेत नसे. ‘इकडून येणे झाले’, ‘तिकडून सांगणे झाले’ अशी कर्त्याला आडोशास ठेवणारी रचना ती करी. जिथे प्रिय व्यक्ती वाक्याची उघड कर्ता होऊ शकत नाही, तिथे प्रेमसंवाद लिहिणे किती बिकट, हे वेगळे सांगावयास नको.

ना. सी. फडके यांच्या काळापर्यंत परिस्थिती पालटली होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. त्याच सुमारास स्त्रियांच्या महाविद्यालयीन शिक्षणानेही, निदान मध्यमवर्गात, परस्परांची ओळख होण्याचा एक नवा काळ निर्माण केला. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे हाच आता एक प्रसंग होऊ शकला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ हा लेखनतंत्रावरील ग्रंथ लिहिला. क्षुल्लक दैनंदिन गोष्टीभोवती फिरणारे त्यांचे लघुनिबंध पाहिले म्हणजे रिसबुडांना जे नीरस वाटले त्यातच फडक्यांना साहित्याचे बीज दिसत होते, हे पटते. त्यांच्या ‘नित्या’चे क्षेत्र मात्र अरुंद राहिले. सुस्थित तरुणांचे जग ओलांडून त्यांची दृष्टी क्वचितच पलीकडे गेली, आणि कौशल्याच्या मानाने अनुभव तोकडा, हा आक्षेप सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही.

त्याच लांबलेल्या अविवाहित काळाची दुसरी बाजू १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने पुढे आणली. मिळवत्या, शिकलेल्या मुलींचा कोंडमारा त्यात होता. मालतीबाई बेडेकरांनी तो स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला नाही. मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होते, आणि ही लेखिका कोण याविषयी महाराष्ट्रात पुढे बराच काळ तर्क चालले.