स्तनाची तपासणी दुखत नसतानाच करावी

सातारा-सांगलीकडे आपल्या घरांत अम्मी, खाला एक वाक्य हमखास म्हणतात, "दुखत नाही ना, मग दवाखाना कशाला?" पण स्तनाच्या कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

दुसरी अडचण पर्द्याची. ती आम्ही हलकी समजत नाही. पण ही तपासणी महिला डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेकडूनच करून घेता येते, तसं आधी सांगायला लाजू नये. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या महिलांची दर ५ वर्षांनी हाताने तपासणी होते. हाताला काही लागलं, तरच पुढे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी.

नुसत्या हाताने काय कळणार? मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून २० वर्षं दीड लाखावर महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा तपासलं. पन्नाशी गाठलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही खरं.

गाठ, आत ओढली गेलेली कातडी, बोंडातून रक्त, असं काही दिसलं तर मात्र वय बघत बसू नये. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरांनी सांगू द्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयात जावं. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर येतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.