चोरीस, बटाटा आणि एक कढई

'बटाटा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तो परका आहे हे लक्षातही येत नाही. उत्तरेकडे आलू, घाटापलीकडे कानडी मुलखात आलूगड्डे, आणि आपल्याकडे मात्र बटाटा. हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांनी तो स्पॅनिश लोकांकडून घेतला आणि स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडून. गंमत म्हणजे त्या बेटांवर 'बटाटा' म्हणजे आपलं रताळं! खरा बटाटा अँडीज पर्वतातला. तो युरोपात पोचला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिथं रताळ्याचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

आज मला लिहायचं आहे ते या बटाट्याच्या एका जोडीदाराबद्दल. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पावसाळ्याच्या रात्री हमखास होणारं एक जेवण म्हणजे चोरीस आणि बटाटा. एकच कढई, अर्ध्या तासाचं काम, सोबत उंडे किंवा पोये. आपल्यापैकी अनेकांनी गाड्यावरचा चोरीस-पाव खाल्लेला असतो (घरी सांगितलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी). पण या कढईत काय काय शिजलं आहे याचा विचार सहसा कुणी करत नाही.

आधी चोरीस. पोर्तुगालमध्ये 'शोरिसु' म्हणजे डुकराचं मांस वाइन, लसूण आणि तिखटपूड लावून आतड्यात भरायचं आणि धुरावर सुकवायचं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द आल्बुकर्कनं गोवा पुन्हा जिंकून घेतला. पुढच्या काळात माणसांबरोबर त्यांच्या चवीही आल्या. पण द्राक्षाची वाइन इथं कुठली? तिची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या विनागरानं घेतली. सौम्य तिखटाऐवजी लाल मिरची आली. तीही मूळची अमेरिकेची, पण गोव्याच्या मातीत अशी रुजली की आज खोलाची मिरची म्हणजे काणकोणची शान. शिवाय आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद. मांसाचे तुकडे मिठात घालून वजनाखाली दाबायचे, उन्हात वाळवायचे, मसाला लावून मुरवायचे, स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचे, दोऱ्यानं गाठी मारायच्या आणि पुन्हा ऊन आणि चुलीवरचा धूर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पावसाळ्यासाठी. पूर्वी जून ते सप्टेंबर होड्या समुद्रात जात नसत, वाटा चिखलात जात. म्हणून मे महिन्यात घराघरात पुरुमेंत भरायचं. हा शब्दही पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु' म्हणजे तरतूद यावरून आला. मडगावला पुरुमेंताचं फेस्त आजही भरतं. त्या गर्दीत आमसुलं, सुकी मिरची, कांदे आणि सुकी सुंगटं घेणाऱ्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, कुणी मोजायला जात नाही. आमच्या घरीही पुरुमेंतच म्हणतात. फरक एवढाच की आमच्या फडताळात चोरीस नसे.

हा 'एवढाच' फरक मात्र लहान नाही. तो समजून घ्यायचा तर इन्क्विझिशनकडे वळावं लागतं. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंचं सक्तीनं धर्मांतर झालं. नव्यानं ख्रिस्ती झालेला माणूस मनातून ज्यू आहे काय, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे तो डुकराचं मांस टाळतो का, ही होती. म्हणजे ताटातला पदार्थ हाच साक्षीदार. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झालं. १५६३ साली गोव्यात छापलेला औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य अशाच धर्मांतरित ज्यू घराण्यातला. तो १५६८ साली वारला, त्याच्या बहिणीला १५६९ साली जाळण्यात आलं आणि १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली गेली. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव दिलेलं आहे. कचेरीतून सुटल्यावर कधी तिथं बाकावर बसलो की हे आठवतं.

आणि ज्यूंपुरतंच ते थांबलं नाही. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यात १७३६ सालच्या एका फर्मानाचा तपशील आहे. धर्मांतरित गोवेकरांनी अंगणात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, आणि हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवायचा नाही! भातात मीठ आहे की नाही हा राज्यकारभाराचा प्रश्न झाला होता. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचं बंद झालं. देव घेऊन नदीपलीकडे फोंड्याकडे गेलेल्या आमच्या पूर्वजांना डुकराचं मांस हा केवळ न खाण्याचा पदार्थ राहिला नाही, ती एक रेषा झाली. म्हणून माझी आई चोरीस घरात येऊ देत नाही, याला मी जुनाटपणा म्हणत नाही. त्या 'नको'मागे इतिहास आहे.

पण रेषेच्या दुसऱ्या बाजूलाही माणसंच होती. ज्यांचं ताट तपासलं गेलं ती आपलीच. त्यांनी जे शिजवायला घेतलं त्यात माडाचं विनागर घातलं, हळद घातली, जिरं घातलं. लिस्बनच्या माणसाला आपली शोरिसु इथं ओळखूच येणार नाही, अशी ती बदलून टाकली.

आता बटाटा. तो चोरिसाच्या कढईत उशिरा आला. पश्चिम भारतात बटाट्याची लागवड पसरली ती मुख्यतः इंग्रजांच्या काळात. गोव्याला बटाटा येई तो घाटावरून, बेळगावकडून. मग १९५५ साल उजाडलं. सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारतानं आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली, बेळगावचा भाजीपाला अडला. पोर्तुगीज सरकारनं मग जगभरातून माल आणवला: तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून आणि बटाटे चक्क हॉलंडमधून! आजी या बोटीनं आलेल्या बटाट्यांची आठवण सांगायची. मला त्यात वेगळीच गंमत वाटते. १६३७ ते १६४४ या काळात वर्षामागून वर्ष डच आरमारानं मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची कोंडी केली होती. तीनशे वर्षांनी गोव्याची कोंडी झाली तेव्हा त्याच डचांचे बटाटे गोव्याच्या कढईत पडले. १९ डिसेंबर १९६१ नंतर पुन्हा घाटाची वाट मोकळी झाली.

बटाट्याचं या कढईतलं काम साधं आहे. चोरीस महाग, खारट, तिखट आणि चरबीचा. बटाटा ते सगळं शोषून घेतो आणि दोघांचं मांस सहाजणांना पुरवतो. कचेरीतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यानं मला सांगितलेली रीत अशी: पाव किलो चोरीस घ्या, दोरा आणि वरचं आवरण काढा. थंड कढईत तेल न घालता मंद आचेवर ठेवा. लाल तूप सुटलं की दोन कांदे चिरून घाला. कांदा मऊ झाला की तीन बटाट्यांच्या बेताच्या फोडी आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. वीस मिनिटांत बटाटा शिजतो. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, बहुधा लागतच नाही. "बटाटो लाल जाल्यार समज जालें," असं तो म्हणाला.

आणि आपलं ताट? एकादशीची साबुदाण्याची खिचडी आठवून पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथला. मिरची तिथली. बटाटा तर तिथलाच. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस समुद्र ओलांडून आलेला आहे, आणि मिरची, शेंगदाणा यांना वाट दाखवणारे बहुतेक तेच पोर्तुगीज. तो आपण कधी आपलासा केला, उपासाला चालवून घेतला, याची तारीख कुणी नोंदवली नाही.

चोरीस खावा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याला नको त्याचं 'नको' खरं आहे. पण शेजारच्या घरातून पावसात तो वास आला तर तो परदेशाचा वास आहे असं म्हणू नये. त्यात आपलाच माड आहे, आपलीच मिरची आहे, आणि ज्यांना निवडीची मोकळीक मिळाली नाही अशा आपल्याच माणसांनी उभी केलेली चव आहे. बटाट्याला आपण नाव-गाव न विचारता घरात घेतलं. शेजाऱ्याला निदान परका म्हणू नये, एवढं तर आपल्याला जमायला हरकत नाही.