स्क्रॅप, लाइक, फॉरवर्ड

मित्राची खुशाली विचारायला आपण त्याच्या दारी जायचं, की त्याची बातमी कुणीतरी आपल्या दारात आणून टाकायची? गेल्या वीस-बावीस वर्षांत समाजमाध्यमांत जे बदललं, ते मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

आपल्याकडे हा खेळ खऱ्या अर्थाने रुजवला ऑर्कुटने. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युयुककोक्टेन या तुर्की अभियंत्याच्या नावाने ते जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं. जन्म अमेरिकेतला, पण त्याला डोक्यावर घेतलं ब्राझीलने आणि भारताने. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पोरं बसायची. मित्राला काही सांगायचं, तर त्याच्या पानावर जाऊन ‘स्क्रॅप’ टाकायचा. तो इतरांनाही वाचता यायचा! खासगी चौकशी, पण चारचौघांत. आपल्याला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. रेडिओच्या फर्माइशीत झुमरीतलैयाची नावं ऐकत वाढलेले आपण. चारचौघांत आपलं नाव घेतलं जाण्यातलं सुख आपल्याला ठाऊक होतं. शिवाय ‘टेस्टिमोनियल’, म्हणजे मित्राने मित्राबद्दल लिहिलेलं छोटं शिफारसपत्र. ते लिहायला वेळ लागे, आणि लिहिलं नाही म्हणून रुसवेफुगवेही होत. शाळेच्या, गावाच्या नावाने ‘कम्युनिटी’ निघाल्या. एका बाकावर बसलेले दोघे, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत, वीस वर्षांनी पुन्हा भेटले ते अशा ठिकाणी.

तिकडे फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आणली. आता मित्राच्या पानावर जायला नको. त्याने काय केलं ते आपोआप समोर येणार. गंमत अशी की वापरणाऱ्यांनी तेव्हा जोरदार निषेध केला. ही पाळत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. फीड मात्र राहिली. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लाइक’चं बटण आलं आणि चार ओळी लिहिण्याची गरजही संपली. अंगठा दाखवला की झालं. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते सांगायला नको! २०१० मध्ये फेसबुकने भारतात ऑर्कुटला मागे टाकलं आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं.

त्याच वर्षी फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एका ग्रुपवर गोळा झालं. इथे निरोप येतो तो ओळखीच्या माणसाकडून. म्हणून तर त्यावर चटकन विश्वास बसतो. पण ‘फॉरवर्ड’ झालेल्या निरोपाचा मूळ धनी कोण, हे कुणी विचारत नाही. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर फिरली. तिच्यासोबत फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीतली होती. मुलांना जपा, असं सांगणाऱ्या त्या जाहिरातीचा शेवट कापून टाकलेला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. पाच माणसं गेल्यावर पाचाची मर्यादा. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे ‘रील’ सुरू केले. रील पाहायला ओळख लागत नाही. काय दाखवायचं हे यंत्र ठरवतं आणि दिसणारा माणूस बहुतेक वेळा परका असतो. वॉशिंग्टनमध्ये मेटा कंपनीवर मक्तेदारीचा खटला चालला, तेव्हा २०२५ मध्ये याचे आकडेच समोर आले. अमेरिकेत लोक फेसबुकवर घालवतात त्यातला जेमतेम १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं पाहण्यात जातो. इन्स्टाग्रामवर ७ टक्के. हे आकडे मेटाच्या बाजूनेच मांडले गेले होते. आम्ही आता मुख्यतः मित्रांना जोडणारी सेवा नाही, आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे, हाच तर तिचा बचाव होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी निकाल तिच्या बाजूने दिला.