मंद आवाजाच्या कादंबऱ्या

काही कादंबऱ्यांचे कथानक सांगू लागले की सांगणारा थोडा ओशाळतो. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, काही काळ तिथे राहतो, पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त घडते ते एवढेच. ही कादंबरी १९५५ साली ग्रंथरूपाने आली आणि आजही वाचली जाते. तिच्यानंतर किती तरी अधिक नाट्यपूर्ण पुस्तके आली आणि विसरलीही गेली. ज्या कादंबरीत आवाज चढत नाही, तलवार निघत नाही आणि शेवटच्या पानापर्यंत कसले रहस्य राखून ठेवलेले नसते, तिला वाचक आपल्याजवळ का ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कादंबरीच्या इतिहासातच थोडेफार सापडते.

मराठी कादंबरीचा आरंभ काही अशा मंद स्वरात झालेला नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. विधवांच्या दुःखाचा विषय त्यात पहिल्यांदा आला, ही गोष्ट मोठीच. पण त्यातली माणसे एखादे मत सिद्ध करण्यासाठी उभी केलेली आहेत. दाखला देऊन झाला की ती बाजूला होतात. त्यानंतर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली, आणि मराठी वाचक राजकन्या, राजपुत्र व अद्भुत योगायोग यांच्या नादी लागला. १८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने त्याला इतिहासाची वाट दाखवली. या सर्व पुस्तकांत घटनांची रेलचेल आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्याबरोबर चालत येईल असे माणूस मात्र क्वचितच भेटते.

ते माणूस १८९० साली भेटले. हरि नारायण आपटे तेव्हा सव्विस वर्षांचे होते. ‘मधली स्थिति’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ साली, रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा आधार घेऊन लिहिलेली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नावावरूनच त्याचा हेतू उघड आहे. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादांनी पुणे तापलेले असताना या गृहस्थांनी घरातल्या माणसांच्या करमणुकीचे पत्र काढले आणि त्यातून क्रमशः जी गोष्ट सांगितली ती होती एका ब्राह्मण घरातल्या मुलीची: ‘पण लक्षांत कोण घेतो?’. १८९३ साली ती पुस्तकरूपाने निघाली.

ही गोष्ट यमुना स्वतःच्या तोंडून सांगते, आणि ती सांगते ते काय? बालपणीचे खेळ, भावाशी झालेली भांडणे, आईचा मृत्यू, सावत्र आई, सासरच्या मंडळींचे टोमणे, मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याबरोबर शिकलेले चार धडे आणि लाभलेले थोडे मोकळे दिवस. पुष्कळ पाने अशी आहेत की, आजच्या एखाद्या घाईच्या संपादकाने ती खुशाल गाळली असती. मग नवरा जातो, यमुना पुन्हा पुण्याच्या घरात येते आणि शंकरमामंजींच्या हुकमतीखाली तिचे केशवपन होते. तो प्रसंग वाचताना वाचकाचा जीव गुदमरतो. याचे कारण त्याच्या वर्णनात जितके आहे त्याहून अधिक आधीच्या त्या ‘अनावश्यक’ पानांत आहे. लहानपणी हट्ट करणारी, मुंबईत पुस्तकात डोके घालून बसणारी यमू आपण शेकडो पाने ओळखत आलेलो असतो. जिच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो ती आपल्या ओळखीची मुलगी असते.

तो काळ ध्यानात घेतला म्हणजे या गोष्टीचे मोल अधिक कळते. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्यावरून सभा, अर्ज, शास्त्रार्थ आणि अग्रलेख यांचा नुसता कल्लोळ उठला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन पुण्यात आले होते. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली, म्हणजे यमुनेची गोष्ट ग्रंथरूपाने आली त्याच वर्षी, पुनर्विवाह केला. वादाच्या दोन्ही बाजूंना ‘विधवा’ हा शब्द ठाऊक होता. त्या शब्दाने बोधित होणारी बाई सकाळी उठून काय करते, कशाला हसते, कोणाला भिते, हे त्या वादात कोठेच नव्हते. हरिभाऊंनी तिला ‘मी’ म्हणण्याचा अधिकार दिला. शांत कादंबरीचा उगम मराठीत इथे झाला असे मी समजतो. आणि तो ऐन वादळाच्या मध्यभागी झाला, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण असल्या कादंबऱ्यांना जगापासून पाठ फिरवलेल्यांचे वाङ्मय समजण्याची चाल आहे.

हरिभाऊंनी ‘उषःकाल’ही लिहिली आणि ‘गड आला पण सिंह गेला’ही. लोकांनी त्यांचे डोक्यावर घेणे स्वाभाविक होते आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पुढे फडक्यांनी ‘प्रतिभासाधना’त तंत्राचे शास्त्र मांडले, खांडेकरांनी ध्येयवादाची पताका उभारली, आणि या दोन मोठ्या छावण्यांच्या मध्ये मंद आवाजाला बरीच वर्षे जागा उरली नाही. १९३९ सालचे विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ हा ठळक अपवाद. युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित आणि चक्रधर व हर्टा यांची काही दिवसांची ओळख. महायुद्ध अजून पेटायचे आहे, एकही गोळी सुटत नाही, आणि तरीही नाव ‘रणांगण’!

ही वाट रुळली ती स्वातंत्र्यानंतर. ‘बनगरवाडी’च्या मास्तरांचा मोठा गुण असा की त्यांना कोणाचा निवाडा करण्याची घाई नाही. चोऱ्या करणारा आनंदा रामोशी त्यांचा मित्र होतो. अंजीच्या एका चोळीवरून म्हाताऱ्या कारभाऱ्याचे मन त्यांच्याविषयी कलुषित होते आणि काही दिवस सारी वाडी परकी वाटू लागते. एवढ्याशा चोळीवर कादंबरीचा तोल हेलकावतो. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, एकेक घर बंद होते, आणि प्रत्येक बंद दाराआडचे माणूस आपल्याला नावाने माहीत असते.

१९६० साली उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली. वऱ्हाडातली कौतिक, तिचा आळशी व पुढे महारोगाने पिडलेला नवरा, तिची मुले आणि रोजची भाकर. या पुस्तकाने मनाला शांती मिळते असे कोणी म्हणेल तर त्याने ते वाचलेलेच नाही. आज पुष्कळांच्या तोंडी असे ऐकू येते की, धावपळीच्या जगात अशा कादंबऱ्या विसावा देतात. मला हे उत्तर अर्धेच वाटते. हातातल्या यंत्रावर तासाला दहा आपत्ती येऊन जातात, आणि एकीवर मन ठरण्याआधी दुसरी येते. अशा वाचकाची खरी उपासमार होते ती एका माणसाच्या सहवासाची. कौतिक त्याला विसावा देत नाही. ती त्याला दोन-तीन दिवस आपल्या ओसरीवर बसवून ठेवते, आणि तिच्या घरातला एक शेर दाणासुद्धा त्याच्या काळजीचा विषय होतो. इंदूर, बडोदे वा हैदराबाद इथल्या मराठी वाचकाला त्यातल्या संवादांची वऱ्हाडी बोली आरंभी थोडी अडेल. वीस पाने धीर धरावा. मग कौतिकचा आवाज कानात बसतो आणि प्रमाणभाषेत ती बोलली असती अशी कल्पनाही करवत नाही.

पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’, १९६२ सालची, या सगळ्यांत सर्वांत हलक्या आवाजात बोलते. ती साऱ्या पत्रांची आहे, आणि पत्रे एकट्या सावित्रीची. कूर्गमधून ती लिहिते, पुढे जपानातून लिहिते. भोवती महायुद्ध चालू आहे; पण तिला सांगायचे असते ते लच्छीचे आणि तिच्या मोराचे, वडिलांचे, भेटलेल्या माणसांचे. जिला यमुनेसारखी दाद मागायची नाही, कौतिकसारखे झुंजायचे नाही, अशी ही बाई आपण काय होत चाललो आहोत एवढेच एका माणसाला कळवीत राहते. त्या माणसाची उत्तरे लेखकाने छापलेली नाहीत. तीही आली असती तर कादंबरी कदाचित अधिक भरीव झाली असती. पण मग दोघांचा संवाद आपण बाहेरून ऐकला असता. आता त्या रिकाम्या जागी वाचक बसतो, पुढचे पत्र येईपर्यंत थांबतो, आणि मनातल्या मनात उत्तर लिहू लागतो.